तुम्ही विचारलंत म्हणून: लहान पीसी घेताना नेमकं काय सोडावं लागतं?

हा प्रश्न विचारणाऱ्याने बहुतेक वेळा कॅबिनेट आधीच हेरून ठेवलेलं असतं. फळीवर मावेल असं, छोटं, देखणं. आता त्यात काय काय बसेल एवढंच विचारायचं असतं. मला हा क्रमच उलटा वाटतो. आधी वॅट ठरवा, म्हणजे आतले भाग किती वीज खातील ते, मग लिटर, म्हणजे कॅबिनेटचं आकारमान. ताकद आज लहान डब्यातही भरपूर मिळते. ओढाताण होते ती आवाजाची आणि पुढेमागे उघडून काही बदलण्याच्या सोयीची, आणि या दोन्हींचं मूळ वॅटमध्ये असतं.

वॅट म्हणजे खोक्यावरचा आकडा नव्हे. इंटेलचा कोअर आय९-१३९०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर म्हणून ओळखला जातो, पण त्याची कमाल टर्बो मर्यादा, म्हणजे थोडा वेळ जास्त वेगाने धावताना तो खाऊ शकतो ती वीज, २१९ वॅट आहे. मूळ हिशेबानुसार ही उडी साधारण २८ सेकंदांची असते, मग प्रोसेसर ६५ वर उतरतो. मात्र बरेच मदरबोर्ड ही वेळेची अट बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) उठवूनच ठेवतात. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (प्रोसेसर बसवायच्या खाचेवर) छापील ६५ म्हणजे प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत आणि छापील १७० म्हणजे २३० पर्यंत. त्यामुळे अर्ध्या मिनिटाच्या चाचणीत झकास दिसणारा लहान पीसी अर्धा तास व्हिडिओ रेंडर करताना वेगळाच वागतो. तुमचं काम त्या अर्ध्या तासातलं असेल तर सलग किती वॅट, हाच आकडा विचारा.

यातली चांगली गोष्ट अशी की शेवटचे वॅट फार थोडं काम करतात. वेग थोडा वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून २३० वॅटचा प्रोसेसर बायोसमधून १४२ वॅटवर बांधला तर बहुतेक कामांत वेग काही टक्केच उतरतो, उष्णता मात्र जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी होते. लहान कॅबिनेटमध्ये ही मर्यादा पहिल्याच दिवशी घालावी. त्यात कमीपणा काही नाही.

आता ही उष्णता बाहेर कशी जाते ते बघू. समजा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड मिळून सलग २०० वॅट खातात आणि आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या हवेत १० अंशांपेक्षा जास्त फरक नको आहे. त्यासाठी दर मिनिटाला सुमारे १ घनमीटर हवा कॅबिनेटमधून आरपार जावी लागते. १० लिटरच्या कॅबिनेटमधली हवा म्हणजे मिनिटाला शंभर वेळा बदलायची. हे अशक्य नाही, पण हवा ढकलायला पंखा केवढा मिळतो यावर सगळं अवलंबून आहे. पंख्याचा प्रवाह वेगाच्या सरळ प्रमाणात आणि व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १२० मि.मी.चा पंखा जेवढी हवा ढकलतो तेवढी ६० मि.मी.च्या पंख्याने ढकलायची तर कागदोपत्री त्याला आठपट वेगाने फिरावं लागेल. आणि तोच पंखा दुप्पट वेगाने फिरवला की आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो. लहान पीसीच्या आवाजाबद्दलच्या तक्रारी बहुतेक इथूनच येतात, त्यात ब्रँडचा दोष क्वचितच असतो.

‘पंखाच नको’ म्हणणाऱ्यांसाठीही एक हिशेब. १ लिटरच्या घनाकृती डब्याचा पृष्ठभाग ६०० चौरस सेंटिमीटर भरतो. आपसूक वर चढणारी हवा आणि उत्सर्जन मिळून चौरस मीटरमागे, अंशामागे १० वॅटच्या आसपास उष्णता जाते. डबा खोलीपेक्षा २५ अंश गरम चालेल असं धरलं तर जेमतेम १५ वॅट. खोलीच ३५ अंशांची असेल तर तो डबा ६० अंशांवर जाईल, हात ठेववणार नाही. कल्ले जोडून पृष्ठभाग वाढवता येतो, पण मग डबा १ लिटरचा राहत नाही. ॲपलने २००० साली आणलेल्या पॉवर मॅक जी४ क्यूबला पंखा नव्हता. हवा खालून शिरून मधल्या पोकळीतून वर निघायची. त्यातही पॉवर सप्लाय डब्याबाहेर काढावा लागला होता.

मापांकडे वळू. मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड १७० बाय १७० मि.मी.चा असतो, व्हीआयएने २००१ साली आणलेलं हे माप आजही टिकून आहे. त्यावर ग्राफिक कार्डासाठी एकच मोठा स्लॉट आणि बहुधा रॅमच्या दोनच खाचा. ५० मि.मी.चा कूलर धरून बोर्डाने व्यापलेली जागा होते साधारण २ लिटर. ३०० मि.मी. लांब, ५० मि.मी. जाड ग्राफिक कार्ड आणखी २ लिटर खातं. एसएफएक्स या लहान मापाचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), म्हणजे १२५ बाय १०० बाय ६३.५ मि.मी., पाऊण लिटरच्या थोडा वर. बेरीज ५ लिटरच्या आतच येते. तरी असं सामान घेणारी कॅबिनेटं ९-१० लिटरच्या आसपास असतात, कारण उरलेल्या निम्म्या जागेत तारा आणि हवा असते. या निम्म्या जागेकडे दुर्लक्ष केलं की जोडणी फसते. चोवीस पिनची मुख्य केबल चांगली जाड आणि ताठ असते, ती सहजासहजी वळत नाही. नेमक्या लांबीच्या मऊ केबल घेतल्या तर याच जागेतून हवा जाते. पण दुसऱ्या एसएमपीएसच्या केबल ‘कनेक्टर बसतोय की’ म्हणून लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची, वेगळी असते. चुकलं तर ड्राइव्ह किंवा बोर्ड जागीच जळतो.

एसएमपीएस आत की बाहेर, यावर माझं मत ठाम आहे. ग्राफिक कार्ड नसेल आणि एकूण भार १०० वॅटच्या आत असेल तर बाहेरचा अडॅप्टर बरा. रूपांतरात जाणारे दहाएक टक्के वॅट बाहेरच गरम होतात, आतले कपॅसिटर थंड राहतात, आणि तापमान दर १० अंशांनी उतरलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. बिघडला तर बदलायलाही सोपा. फक्त व्होल्टेज जुळलं तरी पिनची जाडी जुळत नाही, म्हणून जुन्याचा प्लग मोजून घ्या. कार्ड असेल तर आतला एसएफएक्सच घ्यावा. फ्लेक्स एटीएक्स त्याहून लहान, अर्ध्या लिटरचा असतो, पण त्याचा पंखा ४० मि.मी.चा आणि भार चढला की तो किंचाळतो. वॅटमध्येही काटकसर नको. ३०० वॅटचं कार्ड काही क्षण त्याच्या बरंच वर झेप घेतं आणि तोकडा एसएमपीएस संरक्षण म्हणून बंद पडतो. खेळताना पीसी एकदम मान टाकतो तेव्हा लोक रॅम बदलत बसतात. कारण बहुधा हे असतं. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात ४५० वॅटवरच्या सप्लायने १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसावा अशी अट आहे, घेताना ते लिहिलेलं बघा.

कार्ड बोर्डाच्या पाठीला पाठ लावून बसवणारी रचना असेल तर दोघांमध्ये रायझर केबल (स्लॉटपासून कार्डापर्यंत जाणारी जोडतार) येते, आणि लहान पीसीत सर्वांत जास्त डोकं खाणारा भाग हाच. कार्ड आणि बोर्ड यांच्यातला डेटामार्ग म्हणजे पीसीआय एक्सप्रेस. त्याच्या ३.० आवृत्तीला पुरेशी असलेली केबल ४.० च्या दुप्पट वेगाला पुरत नाही. मग पडदा काळाच राहतो, कार्ड मधूनच दिसेनासं होतं, किंवा भार आल्यावर पीसी अडकतो. उपाय सोपा आहे: बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग ‘ऑटो’वरून ‘जेन ३’ (म्हणजे ३.०) करायचा. पडदाच काळा असताना बायोस उघडणार कसा, ही खरी अडचण. म्हणून कार्ड लावण्याआधी मॉनिटर मदरबोर्डाच्या पोर्टला जोडून हे करून टाकावं. प्रोसेसरमध्ये ग्राफिक नसेल, जसं इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ असलेल्यांत, तर कॅबिनेटबाहेर कार्ड थेट स्लॉटमध्ये लावून बायोस बदलायचा आणि मगच रायझर लावायची. जेन ३ मुळे बहुतेक कार्डांचा वेग फारसा घटत नाही.

कार्डाचा १६ पिनचा वीज कनेक्टर हा दुसरा जपण्याचा भाग. त्याची केबल कनेक्टरपासून पहिले ३५ मि.मी. सरळ ठेवावी असा संकेत आहे, आणि अरुंद कॅबिनेटमध्ये बाजूचा पत्रा नेमका तिथेच दाबतो. कनेक्टर अर्धवट राहिला तर संपर्क गरम होऊन प्लॅस्टिक वितळतं. कार्डाच्या रुंदीत हे ३५ मि.मी. मिळवूनच कॅबिनेटची रुंदी बघा. बहुतेक तक्त्यांत नुसती कार्डाची लांबी दिलेली असते.

मग येतो रॅमचा वाद. सोल्डर केलेली, म्हणजे बोर्डाला कायमची जोडलेली, रॅम म्हणजे कंपनीचा डाव, असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. प्रोसेसरमधलंच ग्राफिक वापरायचं असेल तर त्याचा वेग रॅमच्या रुंदीवर अडतो. डीडीआर५-५६०० च्या दोन पट्ट्या सेकंदाला ८९.६ जीबी देतात. बोर्डावर सोल्डर केलेली २५६ बिट रुंद एलपीडीडीआर५एक्स-८००० सेकंदाला २५६ जीबी देते. फ्रेमवर्क ही कंपनी सुट्ट्या भागांसाठीच ओळखली जाते. तिनेही २०२५ साली जाहीर केलेल्या ४.५ लिटरच्या डेस्कटॉपमध्ये रॅम सोल्डरच केली, कारण एवढ्या रुंद मार्गावर काढता येणाऱ्या रॅममध्ये सिग्नल शुद्ध राहत नव्हता. इथे बदल्यात काहीतरी मिळतं. पण साध्या ऑफिस कामाच्या मिनी पीसीत, जिथे हा वेग लागतच नाही, तिथे सोल्डर केलेली ८ जीबी घेणं म्हणजे मशिनचं आयुष्य आधीच ठरवून टाकणं. तिथे सोडिमच्या (काढता येणाऱ्या लहान रॅमच्या) दोन खाचा मागाव्यात.

रचना कशी अंगावर येते याचा नमुना म्हणजे २०१३ चा मॅक प्रो. मधोमध त्रिकोणी हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग), त्याच्या एका बाजूला प्रोसेसर, दोन बाजूंना दोन ग्राफिक, वर एकच मोठा पंखा. अभियांत्रिकी म्हणून सुरेख. पण तिन्ही बाजूंची उष्णता साधारण सारखी असेल हे त्यात गृहीत धरलेलं होतं, आणि पुढची कामं एकाच दांडग्या ग्राफिक चिपकडे वळली. तशी चिप एका बाजूला लावायला वावच नव्हता. २०१७ साली ॲपलने स्वतःच हे मान्य केलं. डबा जेवढा नेमका कोरलेला, तेवढी पुढच्या बदलाला जागा कमी, हे कुठल्याही लहान पीसीला लागू आहे.

बोर्डाच्या पाठीमागच्या एम.२ खाचेबद्दल (एसएसडी बसवायची खाच) थोडक्यात: तिथे हवा पोचत नाही. सिस्टीमची ड्राइव्ह पुढच्या खाचेत, हीटसिंकखाली ठेवा. मागे कमी लिहिली जाणारी साठवण ठेवा आणि ड्राइव्ह व पत्रा यांच्यातली फट मोजून तेवढ्या जाडीचं, उष्णता पत्र्याकडे नेणारं थर्मल पॅड लावा. पॅड जास्त जाड घेतलं तर ड्राइव्ह वाकते.

जोडणीचा क्रम मोठ्या कॅबिनेटसारखा ठेवू नका. आधी सगळं टेबलावर, खोक्यावर बोर्ड ठेवून चालवून बघा आणि बायोस अपडेट करा. मग पाठीमागची ड्राइव्ह, रॅम आणि कूलर बोर्डावरच बसवा. प्रोसेसरची आठ पिनची वीज केबल बोर्ड आत सरकवण्याआधी जागेवर आणून ठेवा, नंतर बोटं पोचत नाहीत. एसएमपीएस आत गेल्यावर त्याची पाठ दिसत नाही, म्हणून त्याच्याही केबल आधीच खोचा. कार्ड शेवटी.

पंख्याची दिशा ठरवताना कूलरची हवा थेट बाहेरून यावी हे बघा. कूलर आणि जाळी यांच्यात २०-३० मि.मी. फट राहिली तर कूलर स्वतःचीच गरम हवा परत ओढतो. फटीभोवती फोमची चौकट लावली की ते थांबतं. उलट आत ओढणारा पंखा जाळीला अगदी चिकटला तर घूं असा एकसुरी आवाज येतो. तिथे ५ ते १० मि.मी. अंतर ठेवलं तर तो बराच उतरतो. धुळीची जाळी आत ओढणाऱ्या बाजूलाच लावा आणि ती स्क्रू न काढता निघेल अशी हवी, नाहीतर कुणी साफ करत नाही.

शेवटी एक चाचणी. तुमच्या खऱ्या कामाचा भार अर्धा तास चालवा, झाकणं लावून, आणि तापमान लिहून ठेवा. मग बाजूचं झाकण काढून तोच भार पुन्हा तेवढाच वेळ. फरक ३-४ अंशांचा असेल तर हवेचा मार्ग ठीक आहे. तरीही तापमान जास्त वाटत असेल तर वॅटची मर्यादा खाली आणा किंवा कूलर बदला. फरक १० अंशांच्या वर गेला तर नवा कूलर घेऊन उपयोग नाही. केबलचा गठ्ठा कुठे आडवा आलाय, कार्डाची गरम हवा कुठे कोंडतेय आणि जाळी किती बारीक आहे, ते आधी बघा.