ढाक्याची बातमी आणि वरुडचा इसार

५ ऑगस्ट २०२४, सोमवार. दुपारी वृत्तसंस्थेचा एका ओळीचा फ्लॅश आला: बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना ढाक्यातून बाहेर पडल्या. आमच्या दैनिकाची पानं अमरावतीत लागतात, पण संत्र्याच्या या वरुड तालुक्याची कॉपी वरुडच्या कार्यालयातूनच जाते आणि संस्थांच्या बातम्या इथल्या स्क्रीनवरही दिसतात. अर्ध्या तासात पहिला फोन आला, शेंदुरजनाघाटहून. "भाऊ, बांगलादेश बंद झाला मनते. व्यापारी इसार वापस मागून राह्यला. आता काय करू?"

बाहेरच्या वाचकाला हा प्रश्न कळणार नाही. संत्र्याच्या आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं आणि तोड ऑक्टोबरपासून पुढे होते. ऑगस्टमध्ये फळ हिरवं असतं, फळगळ चालू असते आणि नेमके याच दिवसांत व्यापारी बागा पाहत फिरतात. झाडं मोजतात, मालाचा अंदाज बांधतात, अख्ख्या बागेचा उक्ता सौदा ठरवून इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देतात. नागपुरी संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. तिथल्या आयात शुल्कानं आधीच कंबरडं मोडलं होतं, २०२३ च्या हंगामात ते किलोमागे ८८ रुपयांवर गेलं होतं. आता तर सरकारच गेलं. भाव पाडायला निमित्त लागतं, आणि वाहिनीवरचा लाल पट्टा फुकट मिळतो.

वाहिन्यांवर तोपर्यंत गोंधळ होता. कुणी हसीना आगरतळ्याला निघाल्या म्हणत होतं, कुणी थेट लंडनला. अशा दिवशी कॉपी हाताळायची आमची पद्धत जुनी आहे. संस्थेकडून येणाऱ्या बातमीच्या प्रत्येक तुकड्यावर (टेकवर) वेळ लिहायची, आणि वाक्य कोणाच्या तोंडचं आहे ते समासात टिपायचं: लष्करप्रमुख, सूत्रं, की दुसऱ्या कुठल्या माध्यमाचा हवाला. ढाक्याचं घड्याळ आपल्या अर्धा तास पुढे चालतं, हे विसरलं की घटनांचा क्रम उलटापालटा होतो. लष्करप्रमुख जनरल वकार-उझ-झमान यांनी हसीनांच्या राजीनाम्याची घोषणा टीव्हीवरून स्वतः केली, म्हणून ती छापायला निःशंक. विमान गाझियाबादजवळच्या हिंडन तळावर संध्याकाळी उतरलं, तेही पक्कं. लंडनचं मात्र 'असे वृत्त आहे' जोडूनच घ्यायचं. त्या लंडनला गेल्याच नाहीत.

सूत्रांवर इतकं अवलंबून राहावं लागलं त्यालाही कारण होतं. जुलैच्या विद्यार्थी आंदोलनात १८ तारखेपासून तिथलं इंटरनेट बरेच दिवस बंद ठेवलं होतं. ५ तारखेला ढाक्यातल्या काही वाहिन्यांच्या कार्यालयांवर हल्ले झाले. बहुतेक भारतीय वृत्तपत्रांचा माणूस तिथं कायम नसतो. म्हणजे जे चार-दोन बातमीदार जागेवर होते, त्यांचीच वाक्यं दिल्लीमार्गे फिरून गावोगाव पोचत होती. प्रत्येक टप्प्यावर वाक्याच्या मागचं 'अमुक म्हणाले' गळत जातं, आणि शेंदुरजन्याला पोचेपर्यंत उरतं ते फक्त 'बांगलादेश बंद'.

पाचच्या सुमारास व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला: सीमेवर उभे ट्रक, संत्र्यांनी भरलेले कॅरेट, खाली ओळ 'आपला माल अडकला'. फोन तर थांबेचनात. हा व्हिडिओ तपासायला कुठलं सॉफ्टवेअर लागलं नाही. फळ पिवळंधमक होतं, चालकांच्या अंगात स्वेटर. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वरुडात पिवळं फळ दाखवा म्हटलं तर मिळायचं नाही. आंबिया हिरवा, पावसाळ्याच्या तोंडाचा मृग बहार तर नुकता फुलोऱ्यातून बाहेर आलेला. हिवाळ्यातलाच जुना तुकडा होता तो. (क्रिकेटपटू लिटन दासचं घर जाळलं म्हणून त्याच सुमारास फिरलेलं छायाचित्र माजी कर्णधार मश्रफी मोर्तझाच्या घराचं निघालं होतं. तिथं तर तपासायला फळाचा रंगही नव्हता.)

पण व्हिडिओ खोटा निघाला म्हणून सीमा उघडी आहे असं होत नाही. त्यासाठी वरुडच्या एका निर्यातदाराकडून पेट्रापोलच्या, म्हणजे पश्चिम बंगालमधल्या सीमानाक्यावरच्या, क्लिअरिंग एजंटचा (कस्टमची कागदपत्रं करणाऱ्याचा) नंबर घेतला. अशा माणसाला 'परिस्थिती कशी आहे' विचारू नये, तो टीव्हीवरचंच सांगेल. विचारायचं ते डोळ्यासमोरचं: फाटक बंद कधी झालं, ट्रक कुठवर उभे आहेत, त्यात माल कोणता, पलीकडचे कस्टमवाले बसले आहेत का. उत्तर स्पष्ट होतं. व्यवहार थांबलेले, पलीकडे कागदावर सही करायला माणूस नाही, रांगेत इतर माल आहे, संत्रा नाही. संत्रा असणारच कुठून.

बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची गाडी लवकर निघते, त्यामुळे तालुक्याच्या पानाला संध्याकाळच्या पुढे मुदत नसते. पहिलं पान अमरावतीनं लावलं. आम्ही आमच्या पानावर एक चौकट दिली: सीमेवरचा व्यापार आज थांबला; त्यात संत्र्याचा एकही ट्रक नाही; आंबियाची तोड ऑक्टोबरपासून; फिरणारा व्हिडिओ हिवाळ्यातला. 'घाबरू नका' हे वाक्य अमरावतीहून सुचवलं गेलं, ते घेतलं नाही. ऑक्टोबरमध्ये काय होईल ते आम्हाला कुठं ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी संसदेत निवेदन केलं आणि 'सूत्रांनी' सांगितलेल्या बऱ्याच गोष्टींना नाव मिळालं. पेट्रापोलची वाहतूकही दोन-तीन दिवसांत हळूहळू सुरू झाली. व्हिडिओ दाखवून इसार मागणाऱ्या व्यापाऱ्याला शेंदुरजन्याच्या त्या शेतकऱ्यानं चौकट दाखवली. सौदा मोडला नाही, पण भावात थोडं खाली यावं लागलं. छापील चौकटीनं तेवढंच होतं.

त्याचा पुढचा प्रश्न मात्र दिल्ली-मुंबईच्या कुठल्याच कॉपीत नव्हता: "नवं सरकार आलं तं ड्युटी कमी करन का?" मुहम्मद युनूस यांचं हंगामी सरकार ८ ऑगस्टला आलं, त्यावरच्या बातम्यांत संबंध, सुरक्षा, निवडणूक सगळं होतं, शुल्क नव्हतं. त्याला सांगितलं ते एवढंच: त्यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, अर्थसंकल्प जूनमध्ये येतो. मधेच दर बदलायचा तर त्यांच्या राष्ट्रीय महसूल मंडळाचा वेगळा आदेश निघावा लागतो. तसा आदेश निघाला की आधी निर्यातदाराला कळेल, आम्हाला नंतर. तेव्हा आमच्याआधी त्याला फोन करत जा.