गोळी चालू आहे, मग रक्त का वाढत नाही?

दिंडोरी रोडवरच्या आजच्या रक्ततपासणीला द्राक्षखुडणीला जाणाऱ्या बायकाच जास्त होत्या. प्रश्न एकच: "ताई, लोहाच्या गोळ्या तर खाते, मग रक्त का वाढत नाही?"

उत्तर बहुतेकदा चहाच्या कपात सापडतं. सकाळी सहाला गोळी, त्यावर लगेच चहा, की पळत गाडी पकडायची. चहातलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, लोहाला आतड्यातच धरून ठेवतं. गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास चहा-कॉफी नको. कॅल्शियमची गोळी आणि दूधही वेगळ्या वेळी. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, नाहीतर वर पेरू खा. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. लोह थोडं कमी शोषलं जाईल, पण गोळी सुटण्यापेक्षा बरं. शी काळी होते ती उरलेल्या लोहाने. डांबरासारखी चिकट असेल तर मात्र डॉक्टर गाठा.

'रक्त' म्हणजे इथे हिमोग्लोबिन, रक्तातलं लोह असलेलं द्रव्य. गरोदर नसलेल्या बाईला ते १२ (ग्रॅम प्रति डेसिलिटर) तरी हवं. ८ च्या खाली नुसत्या गोळीवर भागवू नये. आकडा सुधारला तरी गोळी आणखी तीनेक महिने लागते, कारण शरीरातला साठा नंतर भरतो.

(तपासणीत बोट पिळून रक्त काढलं की पेशींभोवतीचं पाणी मिसळतं, आकडा चुकतो. पहिला थेंब पुसायचाच!)

आणि पाळीत दर एक-दोन तासांना पॅड भिजत असेल, किंवा सात दिवसांवर जात असेल, तर आधी ते सांगा. तिथे गळती चालू ठेवून वरून टाकी भरणं चाललेलं असतं.