मे महिन्यात रोपं माहेरी जातात

शाळेत बाग लावायचं पहिलं काम आमच्या नर्सरीला मिळालं २०१३ च्या पावसाळ्यात, आणि पुढच्या जूनपर्यंत ते सगळं वाळून गेलं होतं. लॉन, अशोकाच्या दोन रांगा, कंपाउंडला बोगनवेल, दारात मोठ्या कुंड्यांत अरेका पाम. फीत कापली, फोटो निघाले, ‘हिरवळीवर पाय ठेवू नये’ अशी पाटी लागली. ती पाटी आम्हीच रंगवून दिली होती, हे सांगायला आता लाज वाटते. एप्रिलअखेर सुट्टी लागली, शिपाई गावाला गेला, टाकीचा नळ बंद. बोगनवेल तेवढी तगली. ती कुणाच्या बापाला भीत नाही. शाळेने उरलेले पैसे अडवले. तेव्हा फार राग आला होता.

सोलापूर रस्त्याला उरुळी कांचनच्या आसपास नर्सऱ्यांची रांगच आहे. त्यातली एक माझ्या सासऱ्यांची, दीड एकराची. मी लग्नाआधी डी.एड. करून तीन वर्षं तिसरी-चौथीला शिकवत होते. सासरी आल्यावर हातात हिशेबाची वही आली. आबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, म्हणणं स्वच्छ होतं, “शाळांच्या नादी लागू नकोस. बिल मार्चनंतर निघतं आणि झाड मेलं की नाव आपलं.” दोन्ही गोष्टी खऱ्याच निघाल्या.

तरी मी गेले. या वेळी टेम्पो भरून नाही, पिशवीत घेवड्याचं आणि हरभऱ्याचं बी घेऊन. दौंड तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा, तिसरीत अकरा मुलं. गुरुजी म्हणाले, “परिसर अभ्यासाच्या पुस्तकात बी रुजण्याचं चित्र आहेच की.” पर्यावरण शाळेत सक्तीने शिकवा असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगून ठेवलंय, त्यामुळे पुस्तकात सगळं असतं. पण पुस्तकातल्या बीला पाणी लागत नाही.

त्या अकरांत एक मुलगा होता. त्याचं बी काही उगवेना. बाकीच्यांचे कोंब वर आले, याचा वाफा कोरडा. चौथ्या दिवशी कळलं, हा रोज मधल्या सुट्टीत बी उकरून बघत होता आणि परत पुरत होता. गुरुजींनी कान पकडायला हात उचलला. मी मध्ये पडले, कारण पोरगं चुकीचं काहीच करत नव्हतं. त्याला बघायचं होतं आणि आम्ही बघायची सोयच केली नव्हती. दुसऱ्या दिवशी घरातले चहाचे काचेचे ग्लास नेले. आत टिपकागद गोल लावायचा, मध्ये ओला भुसा, आणि काच व कागदाच्या फटीत बी. आता उकरायला नको. सगळ्यांना दिसलं की आधी मूळ खाली जातं, मग कोंब मान वाकवून वर येतो. आठवड्याने त्याच मुलाने विचारलं, “बाई, घेवडा आपल्या दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन वर येतो, मग हरभरा खालीच का ठेवतो?” मी डी.एड. झालेली, नर्सरीवाल्यांची सून, पण हे मी कधी बघितलंच नव्हतं. घरी येऊन आबांना विचारलं. ते म्हणाले, “वाटाणापण खालीच ठेवतो,” आणि पुन्हा कलम बांधायला लागले. एवढी वर्षं माहीत होतं, पण कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या शाळेच्या कामाची सुरुवात मी त्या ग्लासापासून धरते.

मग एकेक वस्तू सुचत गेली. बाजारातली मुलांची बागकामाची हत्यारं प्लास्टिकची, काळ्या मातीत पहिल्या दिवशी मोडतात. गावच्या लोहाराकडून बोथट पात्याच्या वीतभर खुरप्या करून घेतल्या. पाणी घालायला पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली. वाफे मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत पोचेल एवढेच रुंद. पिकं अशी निवडली की पोरांचा धीर सुटू नये: मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात भाजीला येते, मुळा दीड महिन्यात. धने मात्र रगडून दोन फाकी करूनच पेरायचे. शेतकरी ते चपलेखाली रगडतात. एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी तसं करून दाखवलं तर मुलं खूश आणि पर्यवेक्षक बाईंचा चेहरा पडला. तिथे आता लाटणं वापरतात.

हिशेबाचं म्हणाल तर गंमतच आहे. रोपाला जीएसटी नाही, प्लास्टिकच्या कुंडीला आहे, आणि मी वर्गात तासभर बोलले तर ती सेवा. आमचे सीए हसतात, मी नाही हसत. पुण्यातल्या मोठ्या शाळांना अजूनही जुलैत एका दिवसात तीनशे रोपं, बॅनर आणि फोटो हवे असतात. आम्ही देतो. कामावरच्या सहा जणींचे पगार त्यातून निघतात. फक्त ते काम आणि हे काम मी एका वहीत लिहीत नाही. मार्च २०२० नंतर शाळा बंद होत्या तेव्हा ही दुसरी वही कोरीच राहिली. नर्सरी तगली ती शहरातल्या गॅलऱ्यांमुळे.

खरं शिकलो ते तक्रारींतून. एका शाळेतून फोन, “कढीपत्त्याला कीड लागलीय, औषध पाठवा.” जाऊन बघितलं तर पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काळे-पांढरे ठिपके. लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या. बाईंना म्हटलं, औषध नाही, आठ-पंधरा दिवस द्या. अळ्या मोठ्या होऊन हिरव्यागार झाल्या. मुलींनी काडीने हलकंच टोचलं की डोक्यामागून केशरी शिंगं बाहेर काढायच्या आणि उग्र वास सोडायच्या. वर्गभर किंकाळ्या. कढीपत्त्याची पानं संपली, एक कोष फळ्याच्या चौकटीला लटकला आणि एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी फुलपाखरू निघालं. प्रार्थना अर्ध्यावर थांबली. कढीपत्ता पुढच्या पावसात पुन्हा फुटला. त्या बिलात मी भाड्याशिवाय काही लावू शकले नाही.

दुसरी तक्रार धुराची. बहुतेक शाळांत सकाळी झाडलोट झाली की पालापाचोळा पेटवतात. आबांनी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गोल वळवून कोपऱ्यात उभी केली. पाला आत टाकायचा, पावसाळ्याबाहेर आठवड्याला पाणी मारायचं, मध्ये मध्ये शेणकाला. ढीग दर सोमवारी खाली बसतो; मुलं काठीने उंची मोजून भिंतीवर लिहितात. गणिताचा तास बाहेरच होतो. सहा-सात महिन्यांनी खालून काळं भुसभुशीत खत निघतं. हात घालायला कुणी कां-कूं करत नाही, उलट रांग लावावी लागते.

आणि पाणी. खिचडी खाऊन झाली की ताटं आणि हात धुतलेलं पाणी नुसतं वाहून जातं. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ हे आपल्याकडे आजीच्या काळापासून आहे, त्यात आमचं डोकं काही नाही. नळापासून चर काढली, दोन बाजूंना अळू, टोकाला दोन केळी. केंद्र सरकारने २०१९ मध्ये शाळांच्या पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या तेव्हा आमच्या तीन-चार शाळांत हे आधीच चालू होतं.

तरी मे महिना उरलाच होता. एका शाळेत पाणी झिरपत राहावं म्हणून मडकी पुरली, ती वानरांनी फोडली. तोडगा शेवटी एका चौथीतल्या मुलीने काढला. तिची ताई बाळंतपणाला घरी आली होती, ही म्हणाली, “बाई, रोपंपण माहेरी नेऊ या.” तेव्हापासून एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी कुंडीतली रोपं वाटतात, वहीत नाव आणि रोप लिहितात. वाफ्यांवर उसाचं पाचट पसरून द्यायचं, शेवगा आणि कढीपत्ता आपले आपण निभावतात. जूनमध्ये रोपं परत येतात. सगळी नाही. “शेळीने खाल्लं,” “आजीने अंगणात लावून टाकलं, देत नाही,” “मामाकडे राहिलं.” आजीने अडवलेलं रोप आम्ही जगलेल्यांत धरतो.

गावरान बियाणं जपणाऱ्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली आणि शिक्षक गावरान बियाणं मागू लागले. त्याआधी संकरित बियाण्याची पाकिटंच हवी असायची, ती दरवर्षी नवी घ्यावी लागतात. वाल आणि घेवड्याचं बी धरणं सोपं, शेजारच्या जातीशी सहसा मिसळत नाही. काकडी-भोपळ्यात मात्र फसगत होते. मुलं शेंगा वेलावरच वाळवतात, सोलतात आणि राखेत घालून बरणीत भरतात. आमचे मिस्टर म्हणाले, “म्हणजे पुढच्या वर्षी बी विकायचं नाही?” मी म्हटलं, नाही. खत पण नाही, तेही ते करतात. ते काही बोलले नाहीत, चहाचा कप घेऊन शेडनेटकडे गेले.

या जूनमध्ये दौंडच्या त्याच शाळेतून फोन आला. आता तिथे बाई आहेत, गुरुजी निवृत्त झाले. “ताई, बी नको. बरणी भरलेली आहे. खुरप्या दोन हरवल्यात, तेवढ्या पाठवा.” खुरप्या दोन, एसटीच्या पार्सलने. पार्सलचा खर्च खुरप्यांहून जास्त आला. ग्लास अजून आहेत का, विचारलं. म्हणाल्या, चार फुटले, सात आहेत.