भाड्याच्या घरातील गळती : दुरुस्ती कोणी करायची?

मृग लागण्यापूर्वी कवेलू, म्हणजे छताची कौले, फेरून घेण्याची रीत आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील काही गावांत अजून टिकून आहे. परंतु शिक्षक, आरोग्य सेविका किंवा बँकेचे कर्मचारी ज्या खोल्या भाड्याने घेतात त्या आता बहुतेक स्लॅबच्या नाहीतर टिनाच्या असतात आणि पहिला पाऊस घरात येईपर्यंत त्यांच्या छताकडे कोणी पाहत नाही. मग घरमालक कूलरला दोष देतो, भाडेकरू स्लॅबला देतो आणि ओल दोघांच्या वादात वाढत जाते.

माझ्या मते पाणी नेमके कुठून येते हे आधी शोधले पाहिजे, कारण जबाबदारी त्यावरच ठरते. खिडकीतील कूलर चारही महिने भिंतीवर ठिबकत राहिला, तर खिडकीखालचा गिलावा फुगतो. तो खर्च भाडेकरूनेच करावा. छताला, विशेषतः स्लॅब आणि पॅरापेट (गच्चीचा कठडा) यांच्या सांध्याखाली, पावसानंतर येणारी ओल मात्र घरमालकाची आहे. टिनाच्या घरात पंचेचाळीस अंशांच्या उन्हाने हुकांवरील वॉशर कडक होऊन तडकतात आणि तिथूनच थेंब पडू लागतात. तेही घरमालकाचेच काम. आमच्या मागच्या भिंतीला ऐन हिवाळ्यात ओल आली, तेव्हा रात्री टाकी भरून सगळे नळ बंद केले आणि पाण्याच्या पातळीवर आतून खडूने रेघ मारली. सकाळी पाणी रेघेच्या चार बोटे खाली होते. घरमालक काकांनी ते स्वतः वर चढून पाहिले आणि भिंतीतील पाइप बदलण्याचा खर्च काही न बोलता दिला.

कायदाही याच दिशेने जातो, पण गावात राहणाऱ्याने एक फरक समजून घ्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार, करारात उलट ठरलेले नसेल तर घर राहण्यायोग्य ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने लक्ष दिले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. महिना 3,000 रुपये भाडे असेल तर ही मर्यादा 9,000 रुपये होते. परंतु हा अधिनियम त्याच्या परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू आहे. त्यांबाहेरील गावांत मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चे कलम 108 पाहावे लागते आणि तिथे खर्च वळता करण्याचा हक्क घरमालकावर जी दुरुस्ती बंधनकारक आहे तिच्यापुरताच मिळतो. भाडेकरूच्या कृतीने झालेला बिघाड नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत त्यानेच दुरुस्त करायचा असतो. म्हणून खेड्यात लेखी कराराला शहरापेक्षा अधिक किंमत आहे.

तरीही लोक लिहून घेत नाहीत. घरमालक काका आणि काकू सणाला ताट पाठवतात, अडीअडचणीला धावून येतात. त्यांना नोटीस कशी द्यायची, असा संकोच मला पूर्णपणे समजतो. पण आदराने पाठवलेला, ओलीचा फोटो आणि तारीख असलेला व्हॉट्सअ‍ॅप संदेश म्हणजे भांडण नव्हे. पंख्याच्या हुकातून पाणी येत असेल, तर मेन स्विच बंद करून त्याच क्षणी फोन करावा. तिथे नोटिशीची वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

यंदा आमच्या अकरा महिन्यांच्या करारात आम्ही लिहिले की छत, भिंती आणि भिंतीतील पाइप यांची गळती घरमालक दुरुस्त करतील, आणि लेखी कळवल्यापासून आठ दिवसांत काम सुरू न झाल्यास भाडेकरू ते करून घेऊन पावतीप्रमाणे खर्च भाड्यातून वळता करील. काकांनी त्याखाली कूलरच्या पाण्याची जबाबदारी माझ्यावर टाकणारे वाक्य घातले, आणि ते योग्यच होते.