आई आल्या की गाडी चालू होते

आमच्या धंद्यात सगळ्यात नको वाटणारं गिऱ्हाईक म्हणजे "कधीकधी होतं" म्हणणारं. कायमची बंद पडलेली गाडी परवडली. टोचन लावून आणायची, मीटर लावायचा, करंट जिथं थांबलाय तिथं हात घालायचा आणि संध्याकाळी गाडी दारात पोच. पण "कधीकधी स्टार्ट घेत नाही" वाली गाडी दुकानात आली की मास्तर समोर असल्यासारखी शहाणी होते, कितीही वेळा चावी मारा, पहिल्या झटक्यात चालू. आणि घरी नेली की परत फोन.

मिरजेत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान आहे. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यामुळं माझ्याकडं डॉक्टर लोकांच्या गाड्या भरपूर. त्यातल्याच एक मॅडम, भूल देणाऱ्या डॉक्टर. त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल नाही, ज्याला गरज पडेल तो फोन करतो आणि त्या जातात, बऱ्याचदा रात्री दोन-तीनला, कारण सिझर काय वेळ बघून येत नाही. तिकडं पेशंट टेबलवर आणि इकडं ह्या अंधारात चावी फिरवत बसलेल्या, असं व्हायला लागलं तेव्हा त्या वैतागून माझ्याकडं आल्या. छोटी पेट्रोल गाडी, फार जुनी पण नाही.

माझ्याआधी दोन ठिकाणी जाऊन आल्या होत्या. एकानं बॅटरी बदलली. दुसऱ्यानं सेल्फ उघडून ब्रश टाकले, मग क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय का ते सांगणारा, तो बदलला, मग टाकीतली मोटर, म्हणजे पेट्रोलचा पंप, बदलली. बिलांची पिशवीच घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "दादा, आता ह्या गाडीत जुनं म्हणजे फक्त मीच राहिलेय."

आता हे सगळे पार्ट का बदलले म्हणाल तर "स्टार्ट होत नाही" ह्या तीन शब्दांत तीन वेगवेगळे आजार असतात आणि कोणी नीट विचारतच नाही. एक म्हणजे चावी फिरवली आणि काहीच नाही, सगळं शांत. मग बघायचं रिले, इग्निशन स्विच, क्लचखालचा स्विच असेल तर तो, फ्यूज. दुसरं म्हणजे टक् असा आवाज येतो किंवा टकटकटक होतं पण इंजिन फिरत नाही, तिथं बॅटरी, टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा क्षार, अर्थिंगची पट्टी, नाहीतर सेल्फच्या सोलेनॉईडमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट खाल्लेले. आणि तिसरं म्हणजे सेल्फ मस्त फिरतोय, इंजिन गरगरतंय, पण पकडत नाही. इथं बॅटरी आणि सेल्फचा काही संबंधच नाही, इथं एकतर पेट्रोल येत नाही किंवा ठिणगी पडत नाही, किंवा गाडीनं स्वतःच ठरवलंय की चालू व्हायचं नाही.

मी मॅडमना विचारलं की चावी फिरवल्यावर आवाज कसा येतो, नेहमीसारखाच जोरात का मेल्यासारखा? म्हणाल्या, अगदी नेहमीसारखा, उलट शेजारी जागे होतात इतका. म्हणजे बॅटरीचे आणि ब्रशचे पैसे तर गेलेच होते.

मग बाकीचं विचारलं. कधी होतं? रात्री. दिवसा कधीच नाही? पहाटे एकदोनदा झालं असेल. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये? कधीच नाही. पेट्रोल भरल्यावर, पावसात, गाडी खूप तापल्यावर? छे. रोज रात्री होतं का? नाही, कधी आठवडाभर काहीच नाही, कधी लागोपाठ. मग चालू कशी होते शेवटी? तर त्या जरा हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही हसाल, पण आमच्या आई आल्या की चालू होते." आई म्हणजे सासूबाई. गेट लावायला त्या उठून येतात, गाडीजवळ येऊन उभ्या राहतात आणि पुढच्या चावीला गाडी चालू. सासूबाईंनी तर दृष्ट काढून लिंबू-मिरची पण बांधली होती पुढं, ती मी बघितलीच होती.

मी हसलो नाही. गिऱ्हाईक जे सांगतं ते सगळं मी वहीत लिहून ठेवतो, कितीही येडपट असलं तरी, कारण गाडीबरोबर रोज तेच असतं, मी नाही. "आई आल्या की चालू" असं लिहिलं आणि पुढं कंसात लिहिलं, मध्ये वेळ जातो? म्हणजे डोक्यात असं की दोनचार मिनिटं थांबल्यामुळं काही फरक पडत असेल, प्लग ओले होऊन परत वाळत असतील, इंजेक्टरला पेट्रोल देणाऱ्या नळीतलं, म्हणजे रेलमधलं, प्रेशर उतरत असेल वगैरे.

गाडी ठेवून घेतली. मॅडमनी जुडग्यातनं गाडीची चावी काढून मला दिली, बाकी घराच्या, लॉकरच्या किल्ल्या पर्समध्ये टाकल्या आणि रिक्षानं गेल्या. सगळेच असं करतात.

पुढचे काही दिवस गाडी माझ्याकडं होती आणि एकदाही तिनं त्रास दिला नाही. बॅटरी उभ्या गाडीला १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना दहाच्या वरच राहत होती, नवीनच होती म्हणा. पेट्रोलच्या रेलला गेज लावला, प्रेशर साडेतीन बारच्या आसपास येऊन बंद केल्यावरही टिकून. म्हणजे जे काही प्रेशर उतरायचं म्हणत होतो तेही नाही. सकाळी थंड इंजिनवर स्टार्ट, भर दुपारी पंढरपूर रोडला फिरवून आणून तापलेल्या इंजिनवर स्टार्ट, पाण्याचा फवारा मारून स्टार्ट, पोरगं वायरिंग हलवतंय आणि मी चावी मारतोय असं करून स्टार्ट. उंदरांनी कुठं कुरतडलंय का म्हणून खालीवर सगळं बघितलं, पावसाळ्यात ते आमचं ठरलेलं काम असतं, पण वायर साफ. स्कॅनरला बिघाडाचा एक कोड नाही. त्यात पण गोम अशी की आधीच्या गॅरेजात बॅटरी काढघाल झालेली, कोड होते ते पुसून टाकलेले, आणि माझा तेव्हाचा साधा स्कॅनर फक्त इंजिनचे कोड दाखवायचा, गाडीतल्या बाकीच्या कंप्युटरच्या डब्यांशी तो बोलायचाच नाही.

मॅडम म्हणाल्या, काहीतरी बदलून टाका ना, म्हणजे कॉइल वगैरे. मी म्हटलं नाही. जे बिघडलेलं मला दिसलंच नाही ते मी दुरुस्त केलं हे मला कळणार कसं? चार दिवस गाडी नीट चालली की म्हणायचं कॉइलच होती, पाचव्या दिवशी परत रात्री तुम्ही अंधारात. गाडी घेऊन जा, पण एक काम करा. पुढच्या वेळी स्टार्ट नाही झाली तर मोबाईलचा व्हिडिओ चालू करून डॅशबोर्डवर धरा आणि चावी पहिल्यापासून फिरवा, नुसती ऑन करून दोन सेकंद थांबा म्हणजे टाकीतल्या मोटरची घर्रर् ऐकू येते का कळेल, मग सेल्फ मारा. व्हिडिओ मला व्हॉट्सॲपला टाका आणि निघा, रिक्षानं जा, गाडीची चिंता करू नका.

काही दिवसांनी सकाळी उठून बघतो तर रात्री अडीचचा व्हिडिओ आलेला. अर्ध्या मिनिटाचा असेल नसेल. खाली "आई आल्या, झाली चालू, निघाले" एवढंच. मी चहा बाजूला ठेवून तो व्हिडिओ परत परत बघितला.

चावी ऑन, मागनं मोटरची घर्रर् स्पष्ट. म्हणजे पंप ठीक. सेल्फ मारला, इंजिन गरगर फिरतंय आणि आरपीएमचा काटा जाग्यावरनं किंचित उचललाय. हे बारीक आहे पण कामाचं आहे. सेल्फ फिरताना काटा हलतोय म्हणजे क्रँक सेन्सरचा सिग्नल आत पोचतोय, बहुतेक गाड्यांत तो मेला तर काटा शून्यावर मरून पडतो. आणि ह्या सगळ्यात डाव्या कोपऱ्यात एक छोटासा दिवा, चावीचं चित्र असलेला, टकटक उघडझाप करत होता. तो गाडी ऑन केल्यावर क्षणभर लागून विझायला पाहिजे. उघडझाप म्हणजे गाडी म्हणतेय ही चावी माझी नाही.

आणि मग मला खाली लोंबणारा जुडगा दिसला. मॅडमची चावी इग्निशनमध्ये, आणि तिच्या शेजारी, तिला अगदी चिकटून, दुसरी एक जाड काळ्या मुठीची चावी. दुसऱ्या गाडीची.

लगेच फोन केला. ती दुसरी चावी कुणाची? म्हणाल्या, ह्यांच्या गाडीची. साहेब कोल्हापूरला कॉलेजात शिकवतात, रोज गाडीनं जाऊन येऊन. जुन्या मिरजेत बोळातलं घर, बाजूच्या चिंचोळ्या जागेत दोन गाड्या एकामागं एक लागतात, जो आधी घरी येईल त्याची गाडी आत. ज्या रात्री मॅडमची गाडी आत असेल आणि फोन आला, तर साहेबांची झोपमोड नको म्हणून त्या खिळ्यावरनं त्यांची चावी घ्यायच्या, त्यांची गाडी बाहेर रस्त्यावर काढून लावायच्या, मग ती चावी अंधारात पडू नये म्हणून आपल्या जुडग्याच्या हुकात अडकवायच्या आणि आपल्या गाडीत बसायच्या. गाडी स्टार्ट नाही झाली की जीव टांगणीला. तेवढ्यात आतनं सासूबाई गेट लावायला यायच्या, हात पुढं करून म्हणायच्या, दे त्याची चावी इकडं. मॅडम हुक सोडवून चावी त्यांच्या हातात द्यायच्या. आणि पुढच्या झटक्यात गाडी चालू.

रात्रीच का, घरीच का, कधी होतं कधी नाही, सगळ्याची उत्तरं त्या बोळात. दुकानात कधीच का झालं नाही तेही, कारण दुकानात चावी एकटी आली होती.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, चावीच्या मुठीत एक बारीकशी चिप असते, तिला सेल नसतो. रिमोटचा सेल वेगळा, तो बदलून ह्यात काही फरक पडत नाही, लोक उगाच बदलतात. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेची एक रिंग असते, चावी ऑन केली की ती रिंग चिपला लांबनंच करंट देते, लांबनं म्हणजे दोनचार सेंटिमीटर, आणि चिप आपला नंबर सांगते. नंबर जुळला तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, इंजेक्टर चालू करतं, नाही जुळला तर सेल्फ कितीही मारा, पेट्रोल पडणार नाही. आता त्या रिंगजवळ दोन चिपा आल्या की दोघी एकदम बोलतात आणि गाडीला धड एकीचं पण ऐकू येत नाही. जुडगा कसा लोंबतोय, दुसरी मूठ जवळ आहे का लांब, ह्यावर कधी होतं कधी होत नाही. ह्याबद्दल कितीतरी गाड्यांच्या मॅन्युअलात लिहिलेलं असतं, पण मॅन्युअल ग्लोव्ह बॉक्समध्ये पिशवी न फोडता पडून असतं.

फोनवर हे सांगून भागलं असतं, पण मला डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून रविवारी त्यांच्या घरी गेलो. दोन्ही चाव्या एका हुकात, मुठीला मूठ लावून धरली, दिवा उघडझाप, गाडी नुसती गरगरतेय. दुसरी मूठ खाली सोडली, चालू. परत चिकटवली, नाही. मग स्वयंपाकघरातनं पोळ्या गुंडाळायचा फॉईल मागून घेतला, मॅडमची एकटी चावी घेतली आणि तिची मूठ फॉईलमध्ये घट्ट गुंडाळली, म्हणजे चिपचं बोलणं बंद. हुबेहूब तोच आजार, तोच दिवा, तेच गरगरणं. फॉईल काढला, पहिल्या झटक्यात स्टार्ट. तेव्हा माझं समाधान झालं.

सासूबाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. मी त्यांना समजावून सांगितलं की चावी तुमच्या हातात गेली की गाडी चालू व्हायची. तर म्हणाल्या, "म्हणजे हाताला गुण माझ्याच होता की." लिंबू-मिरची काढायचं कोणी नाव काढलं नाही.

साहेबांच्या चावीला आता लांब पट्टी लावलीय आणि मॅडम ती जुडग्यात न अडकवता पर्समध्ये टाकतात. तपासणीचे आणि घरी येण्याचे पैसे मी घेतले, पार्टचे लावायला काही नव्हतंच. डिकीत जुनी टाकीतली मोटर, क्रँक सेन्सर असं सगळं तसंच पडलं होतं, मॅडमनी विचारलं हे भंगारात टाकू का. मोटर दुकानात आणून लावून बघितली, प्रेशर नवीनीइतकंच आलं. म्हटलं ठेवा, पुढं कधी खरंच गेली तर हीच टाकू.