संप्रेरकाने येऊन परतही जावे लागते

'संप्रेरक आले, जनुक सुरू झाले आणि नवे कवच तयार झाले' असे कीटकांच्या कात टाकण्याविषयी एका दमात सांगून मोकळे होण्याची पाठ्यपुस्तकांना सवय आहे. फळमाशीच्या ऊतींवर काचपात्रात झालेले प्रयोग वाचल्यापासून मला हे वाक्य अर्धवट वाटते.

हे संप्रेरक म्हणजे इक्डायसोन. बुटेनांट आणि कार्लसन यांनी १९५४ साली रेशीमकिड्यांच्या सुमारे ५०० किलो कोषांमधून त्याचे अवघे २५ मिलिग्रॅम स्फटिक मिळवले होते. ऊतींमध्ये प्रत्यक्ष काम करते ते मुख्यतः त्यापासून बनणारे २०-हायड्रॉक्सीइक्डायसोन. माशीचे पंख आणि पाय ज्यांपासून घडतात, त्या अळीच्या शरीरातील चपट्या पेशीपिशव्यांना इमॅजिनल डिस्क म्हणतात. त्या काढून पोषक द्रवात ठेवल्या आणि हे संप्रेरक दिले, तर उरलेल्या शरीराची साथ नसतानाही त्या उलगडतात आणि कोषावस्थेचे क्युटिकल, म्हणजे बाहेरचे कवच, स्रवू लागतात. मात्र त्यासाठी काही तासांनी संप्रेरक धुऊन काढावे लागते.

ॲपल आणि फ्रिस्ट्रॉम यांनी १९९१ साली दाखवले की क्युटिकल-प्रथिनांची काही जनुके संप्रेरकाशिवाय सुरू होत नाहीत आणि ते सतत दिले तरी दडपलेलीच राहतात. यामागचा एक दुवा पुढे सापडला. संप्रेरकाची पातळी चढून उतरली की बीटा-एफटीझेड-एफ१ हे नियामक प्रथिन तयार होते, आणि ईडीजी-८४ए या क्युटिकल-जनुकाला तेच चालना देते. संप्रेरक ठाण मांडून बसले, तर हा नियामकच अवतरत नाही.

प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या पेशीवंशांकडून इतक्या पूर्ण प्रतिसादाची अपेक्षा करू नये, असे माझे मत आहे. धान्य आणि सुक्या मेव्यात होणाऱ्या प्लोडिया पतंगाच्या पंख-डिस्कपासून काढलेल्या पेशी संप्रेरक मिळताच विभाजन थांबवतात आणि कवचातील कायटिन या घटकाचा कच्चा माल असलेली अमिनो शर्करा अधिक शोषून घेतात; पण सुट्या पेशींना थरावर थर देऊन कवच रचता येत नाही.

टेब्युफेनोझाइड हे कीटकनाशक संप्रेरकाच्या पातळीच्या याच उतरणीवर घाव घालते. पेशीतील ज्या प्रथिनाला जोडले जाऊन इक्डायसोन काम करते, त्या ग्राहीला ते चिकटते, पण संप्रेरकासारखे लवकर हटत नाही. त्यामुळे अळी खाणे सोडते, अवेळी कात टाकू लागते आणि ती पुरी टाकता न आल्याने मरते. पतंगवर्गीय अळ्यांच्या ग्राहीत ते विशेष घट्ट बसत असल्यामुळे इतर बहुतेक कीटकांना त्याची झळ कमी पोहोचते.