हिला पेनिसिलिन चालत नाही

माझ्या लग्नाच्या बैठकीत आईने सासूबाईंना माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, हिला पहाटे उठायची सवय नाही. दोन, हिला पेनिसिलिन चालत नाही. पहिलीचा निकाल सासूबाईंनी महिन्याभरात लावला. दुसरी मात्र त्यांनीही इमानेइतबारे सांभाळली. मला साधी शिंक आली तरी डॉक्टरांकडे निघताना जिन्यातून मागे हाक यायची, "पेनिसिलिनचं सांग गं!"

शाळेच्या आरोग्य कार्डावर ते होतं, बाळंतपणाच्या फाइलवर होतं, बँकेत लागले तेव्हा भरलेल्या मेडिकल फॉर्मवरही होतं. वडील हयात असताना एक विनोद ठरलेला असे. आईचे मामेभाऊ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये नोकरीला होते. देशाला आपलं पेनिसिलिन मिळावं म्हणून सरकारने १९५४ साली काढलेला हा कारखाना. वडील म्हणायचे, "मामा डबे भरून पेनिसिलिन काढतो आणि भाचीला थेंब सोसत नाही."

यंदा गर्भपिशवी काढायची ठरली. फायब्रॉइड वाढले होते, रक्त उतरत चाललं होतं. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांची तपासणी असते, तिथे गेले. तरुण होते, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान. फॉर्म भरता भरता त्यांनी विचारलं, "कशाची अ‍ॅलर्जी?"

"पेनिसिलिन."

"काय झालं होतं?"

मी गप्प. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. सगळ्यांनी ऐकलं आणि लाल पेनने लिहून घेतलं. शेवटी मी म्हणाले, "ते आईला माहीत आहे." ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे असं सांगणाऱ्या माणसांची नीट तपासणी केली, तर दहातल्या नऊ जणांना ते औषध बिनधास्त चालतं. काहींना मुळात अ‍ॅलर्जी नव्हतीच. ज्यांना खरोखर होती, त्यांच्यातल्या साधारण ८० टक्के लोकांची दहा वर्षांत ओसरते. माझ्या शस्त्रक्रियेला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून द्यायचं सेफाझोलिन हे पेनिसिलिनच्या कुळातलं असलं, तरी त्याच्या रेणूची बाजूची साखळी निराळी आहे, त्यामुळे ते तसंही देता आलं असतं. सेफाझोलिन ज्यात मोडतं त्या सेफालोस्पोरिन गटाबद्दल "दहा टक्के लोकांना दोन्हींची अ‍ॅलर्जी" हा जुना आकडा आता कुणी धरत नाही, तो दोन टक्क्यांच्या आसपास आलाय. "पण ऑपरेशनला दीड महिना आहे," ते म्हणाले, "एकदाचं तपासून घ्या. पुढची तीस-चाळीस वर्षं हे ओझं कशाला?"

ओझं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी अक्कलदाढ काढली तेव्हा दंतवैद्यांनी पेनिसिलिनऐवजी क्लिंडामायसिन दिलं होतं. दाढ दोन दिवसांत शांत झाली, पोट तीन आठवडे बिघडलेलं. लोकलचा प्रवास सोडून मी त्या काळात बँकेत रिक्षाने जायचे, कारण मधल्या स्टेशनवर उतरायची वेळ आली तर काय, हीच धास्ती. तेव्हा मी दंतवैद्यांना बोल लावला. आता कळतं, बिचाऱ्यांनी मी दिलेली माहिती मानली होती. ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदींवरून २०१८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या कागदावर पेनिसिलिन अ‍ॅलर्जी लिहिलेली, त्यांच्यात औषधांना न जुमानणाऱ्या एमआरएसए जंतूचा संसर्ग ६९ टक्क्यांनी जास्त आणि आतड्यातल्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा २६ टक्क्यांनी जास्त दिसला. नेमकं, जुनं, स्वस्त औषध बाजूला पडतं आणि सरसकट सगळ्यांवर तुटून पडणारी औषधं पोटात जातात, त्याचा हा हिशेब.

त्या रविवारी लालबागला गेले. चाळ जाऊन टॉवर झाला, आई अठराव्या मजल्यावर राहते, पण तिचा पत्र्याचा डबा चाळीतलाच आहे. त्यात रेशनकार्डं, वडिलांचं गिरणीतलं ओळखपत्र, आमच्या जन्माच्या नोंदी, सगळं. तळाशी घडीवर फाटत आलेली चिठ्ठी मिळाली. १९८४. आमच्या नाक्यावरच्या डॉक्टरांचं अक्षर. अँपिसिलिन सिरप, म्हणजे पेनिसिलिनच्याच गटातलं, दिवसातून चार वेळा. खाली दुसऱ्या शाईने, 'पुरळ. पेनिसिलिन बंद.'

"नेमकं काय झालं होतं गं?"

आई म्हणाली, घसा आणि ताप. औषध सुरू केल्यावर चौथ्या दिवशी छाती-पाठीवर लाल पुरळ. खाज? नाही, खाजवत नव्हतीस. ओठ सुजले? नाही. श्वास लागला? नाही बाई. दवाखान्यात ठेवलं? छे, तू तर खाली लगोरी खेळायला पळालीस. मग जरा थांबून म्हणाली, "आधी मला वाटलं गोवरच आलाय. त्या महिन्यात मजल्यावरच्या तीन पोरांना होता ना."

चाळीस वर्षं! मी तिच्याकडे बघत राहिले. ती डब्यातली पासबुकं सारखी करत होती.

अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञ डॉक्टर परळला बसतात. ओपीडीत गर्दी होती. अंगावर पित्त उठलेली एक मुलगी, वाफेचा पंप हातात धरलेली दोन पोरं, कोळंबी खाल्ली की घसा आवळतो म्हणून आलेले एक गृहस्थ. ते मला म्हणाले, "मी कोळीवाड्यातला. आता सांगा, जगायचं कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझा नंबर आला.

डॉक्टरबाईंनी चिठ्ठी भिंगाखाली धरल्यासारखी वाचली. मग तीन प्रश्न. रिअ‍ॅक्शन गेल्या पाच वर्षांतली का? धाप, सूज किंवा कातडी सोलण्यासारखं काही गंभीर? उपचार करावे लागले का? ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२० साली मांडलेली ही गुणांची पट्टी, नाव पेन-फास्ट. पहिल्या दोन प्रश्नांना दोन-दोन गुण, शेवटच्याला एक. माझे पहिले दोन शून्य. उपचाराचं आईला धड आठवेना, कसलं तरी गुलाबी पाणी लावलं होतं म्हणे. "आठवत नसेल तर एक धरायचा," डॉक्टर म्हणाल्या. एकूण एक. तीनपेक्षा कमी म्हणजे धोका कमी. परीक्षेत इतके कमी गुण मिळाल्याचा आनंद मला पहिल्यांदाच झाला.

अशा कमी धोक्याच्या रुग्णांना आधी कातडीवर टोचून बघायची गरज आहे का, की सरळ तोंडाने औषध देऊन बघावं, यावर २०२३ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली, पॅलेस नावाची. ३८२ प्रौढ, अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. निम्म्यांना आधी कातडीची तपासणी, निम्म्यांना थेट औषध. दोन्ही गटांत खरी रिअ‍ॅक्शन एकेकालाच आली. म्हणजे सुईची पायरी गाळली तरी बिघडलं नाही. "तुम्हालाही थेट देऊ," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, मग बाळंतपणाच्या वेळी हातावर टेस्ट डोस दिला होता तो काय होता? त्या कपाळाला हात लावायच्या बेतात होत्या. दुसऱ्याच औषधाचा थेंब कातडीत टोचायचा, तोही किती पातळ करायचा याचं गणित न सांभाळता, आणि लालसर दिसलं की 'अ‍ॅलर्जी' लिहायची. जास्त तीव्र द्रावणाने कुणाचीही कातडी चिडते. यातून खोटे शिक्के किती बसले असतील कोण जाणे, असं त्यांचं म्हणणं.

मला कुतूहल होतं की ओसरते म्हणजे होतं काय. पेनिसिलिनचा कण फार छोटा, एकटा असेल तर शरीराच्या पहाऱ्याला दिसतही नाही. रक्तातल्या प्रथिनाला चिकटला की त्या जोडगोळीकडे लक्ष जातं. काही जणांच्या शरीरात मग तिच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनतात आणि मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या खेपेला औषध आलं की या पेशी हिस्टामिन ओततात. गांधी, सूज, धाप, रक्तदाब खाली, सगळं काही मिनिटांत. पण वर्षानुवर्षं औषध आलंच नाही, तर ही प्रतिपिंडं कमी होत जातात. माझं चौथ्या दिवसाचं, न खाजणारं पुरळ या गोष्टीत बसतच नव्हतं. लहान मुलांत तापाच्या विषाणूने येणारं पुरळ आणि औषधाचं पुरळ यांची गल्लत नेहमीची. तो गोवर होता का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

घरी नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग आणतो की एक कॅप्सूल, अर्धी घेऊन बघ." त्याला मी डॉक्टरांकडे घेऊन गेले नव्हते, तेच बरं. खरी अ‍ॅलर्जी निघाली तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन त्याच क्षणी द्यावं लागतं. आमच्या फ्रीजमध्ये कैरीचं लोणचं आहे, अ‍ॅड्रिनॅलिन नाही. आणि कुणाची कातडी सोलून निघाली असेल, तोंडा-डोळ्यांत फोड आले असतील, यकृत बिघडलं असेल, तर ते औषध देऊन बघायचंच नाही, दवाखान्यातसुद्धा नाही, हे बाईंनी दोनदा बजावलं होतं.

तारीख ऑगस्टमधली मिळाली. आधीचा आठवडा शिंकांवरची सिट्रिझिनची गोळी बंद, कारण ती रिअ‍ॅक्शन झाकते. मुलुंडच्या आमच्या घरात पावसाळ्यात उत्तरेची भिंत हिरवी होते. सात दिवस मी शिंकत, डोळे चोळत काढले. बीपीची गोळी कुठली तेही त्यांनी विचारून घेतलं. बीटा ब्लॉकर असती तर अडचण होती, अ‍ॅड्रिनॅलिनला ती नीट काम करू देत नाही.

त्या दिवशी पोहे खाऊन गेले. संमतीपत्रावर सही, बीपी, नाडी, हातांचे-मानेचे फोटो. शेजारच्या ट्रेमध्ये इंजेक्शन भरून ठेवलेलं, त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून मी सारखी तिकडेच बघत होते. सिस्टरनी पेनिसिलिन गटातल्याच अमॉक्सिसिलिनच्या लहान मुलांच्या सिरपचा एक मिली मोजून दिला, २५ मिलिग्रॅम. केळ्यासारखी चव. १९८४ ची असेल का अशीच? आता अर्धा तास बसायचं.

दहाव्या मिनिटाला मानेला खाज सुटली. आधी थोडी, मग चांगलीच. चाळीस वर्षांचं आईचं बोलणं एकदम खरं वाटायला लागलं. ओठ जड वाटले, जीभ जाडी वाटली. सिस्टरना हाक मारली. त्यांनी बीपी घेतलं, छाती ऐकली, मान बघितली, मग कुर्त्याची कॉलर मागून उलटी करून म्हणाल्या, "ताई, हे लेबल टोचतंय." नवा कुर्ता होता, दादरहून घेतलेला. कात्रीने लेबल कापलं, खाज गेली. असं पुष्कळांचं होतं म्हणे, भीतीची खाज खरीच वाटते.

मग २५० मिलिग्रॅमची कॅप्सूल आणि एक तास. काहीही झालं नाही. खिडकीतून फ्लायओव्हरवरचा पाऊस दिसत होता आणि मला सडकून भूक लागली होती.

पाच दिवस पुरळावर लक्ष ठेवायचं होतं. तिसऱ्या दिवशी दंडावर लाल ठिपका आला, फोटो पाठवला. उत्तर आलं, "डास."

पत्र मिळालं, की अमुक तारखेला अमॉक्सिसिलिन देऊन तपासलं, रिअ‍ॅक्शन नाही, पेनिसिलिन गट देण्यास हरकत नाही. मला वाटलं, संपलं. खरं काम इथून पुढे होतं. फॅमिली डॉक्टरांचं कार्ड, बँकेची मेडिकल फाइल, विम्याचा अर्ज, नवऱ्याच्या पाकिटातली चिठ्ठी, माझ्या फोनची लॉक स्क्रीन. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की काढलेला शिक्का जुन्या कागदांवरून परत येतो. आलाच. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री भरती झाले, तर मनगटावर लाल पट्टी, कारण कॉम्प्युटरमध्ये जुनी नोंद तशीच. पत्र दाखवलं. सिस्टरने ते दोनदा वाचलं, वरिष्ठांना फोन केला, पट्टी कापली आणि पांढरी बांधली. सकाळी सेफाझोलिन दिलं. पाचव्या दिवशी मी घरी.

पत्राची एक प्रत आईला दिली. तिने चष्मा लावून वाचली, घडी केली, पत्र्याच्या डब्यात जुन्या चिठ्ठीवर ठेवली. म्हटलं, "ती जुनी टाक की आता."

"राहू दे," ती म्हणाली, "जागा किती लागते तिला?"